दहातून साडेतीन वजा

तिला सगळे कात्री म्हणत. तोंडावर बाई, पाठ फिरली की कात्री. तिला हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. बाई काय, शेकड्याने असतात.

औषधाच्या दुकानावर दोन खोल्यांचं वाचनालय होतं, तिथे ती नऊ वर्षं ग्रंथपाल होती. पुढच्या खोलीत कपाटं आणि तिचं टेबल. मागच्या खोलीत फाटक्या पुस्तकांचा ढीग, डिंकाची बाटली आणि चहाची किटली. वाचनालयात तशी काही विशेष गोष्ट नव्हती, एक सोडून. कुठलंही पुस्तक घ्या आणि मागचं कव्हर उघडा, आतल्या बाजूला तळहाताएवढी चिठ्ठी चिकटवलेली असायची. वर दहा हा आकडा, खाली वजाबाकी, शेवटी राहिलेले गुण. लोक पुस्तक हातात घेत ते उलटंच. आधी चिठ्ठी बघायची, मग नाव. सहाच्या खाली असलेलं पुस्तक कपाटात धूळ खात पडायचं, मग लेखक कितीही मोठा असो.

बाकीचं जग गुण देतं, ही कापायची. तिच्या हिशेबी प्रत्येक पुस्तक जन्माला येतं दहा गुण घेऊनच, पुढे जो तो आपल्या कर्माने उतरतो. योगायोग एक माफ, दुसऱ्याला एक गुण गेला. वाचणाऱ्याला रडवायचं म्हणून उगाच एखादं लहान मूल मारलं, तर दोन. पानभर सूर्यास्ताला अर्धा. नायिका आरशासमोर उभी राहून स्वतःच्या रूपाचं वर्णन करायला लागली की अर्धा, आणि कात्री वर पुटपुटायची, "हिला घरात दुसरं काम नाही." पुढे घरोघर मालिका बघायचं खूळ आलं तेव्हा तिने मालिकांची वेगळी वही केली. भाग संपताना कुणीतरी दार उघडून नुसतं बघत राहिलं तर अर्धा. चार भागांत मावणारी गोष्ट आठ भागांत ताणली, तर वरच्या चारही भागांचा एकेक. त्या वहीत शून्याच्या खाली गेलेल्याही मालिका होत्या.

पण कापायचे दोन नियम होते, आणि ते तिने स्वतःवर घालून घेतले होते. पहिला, पानाचा आकडा दिल्याशिवाय कापायचं नाही. मालिका असेल तर भाग आणि मिनिट. 'मनाला भिडलं नाही' असलं बोलणं तिच्याकडे चालत नसे. दुसरा नियम एका निवृत्त इंजिन ड्रायव्हरमुळे झाला. तो एकदा कादंबरी टेबलावर आपटून म्हणाला होता, "बाई, इंजिन असं चालवतच नाहीत. कापा दोन." कात्रीने कापले नाहीत. म्हणाली, "काका, ही गोष्ट आहे, पोलिसातली जबानी नाही. गोष्टीने जगाशी खुशाल खोटं बोलावं. स्वतःशी बोलली तर मी आहे." तेव्हापासून 'प्रत्यक्षात असं घडलं नव्हतं' या कारणासाठी तिने कुणाचाही एक गुण कापला नाही. आणि हाच नियम पुढे तिच्या गळ्याला फास होऊन बसला.

ही कापाकापी मूळ तिचीही नव्हती. ती तिच्या आईची.

या गावात येण्याआधी सहा वर्षं कात्रीने आईचं अंथरूण सांभाळलं होतं, दूर, आईच्या घरी. आईला झटका आला, उजवी बाजू गेली, आणि चार वर्षांनी वाचाही गेली. डोकं मात्र लख्ख. कात्री शेजारी बसून तिला कादंबऱ्या वाचून दाखवायची. काही पटलं नाही की आई डाव्या हाताच्या बोटाने पलंगाच्या कडेवर टक्‌ करून वाजवायची. एक टकटक म्हणजे एक गुण गेला. दहा झाल्या की पुस्तक बंद. दोघी मायलेकी एखाद्या लेखकाची अशी काही सालं काढत, की त्या खोलीत औषधांचा वास आहे हेसुद्धा विसरायला व्हायचं.

तिला एक धाकटा भाऊ होता. मोठ्या शहरात राहायचा, लिहायचा. सहा वर्षांत तो चार वेळा आला आणि चारही वेळा दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत गेला. दुरून डोंगर साजरे, तशी त्याची मातृभक्ती. पण फोन मात्र दर रविवारी सकाळी न चुकता. "ताई, सांग. नीट सांग. घाई करू नकोस." आणि ही सांगायची. आईचे केस धुताना बादली कुठे ठेवते, कूस बदलताना आधी गुडघा का दुमडावा लागतो, चमच्याने पाणी पाजताना गळा कसा बघायचा, ती टकटक, सगळं. पलीकडे तो गप्प ऐकत असायचा. हिला वाटायचं, बिचारा रडतोय. घरात दिवसभर बोलायला कुणी नसलेल्या बाईला असं ऐकणारं माणूस मिळालं तर ती काय हातचं राखणार?

तो रडत नव्हता. लिहून घेत होता.

आई गेली, कात्रीने ते घर सोडलं, इथे नोकरी धरली आणि मागचं कुणापाशी बोलली नाही. आठ वर्षांनी टपालाने कादंबरी आली. पहिल्या पानावर त्याचं अक्षर: 'ताईस, तुझ्या गुणांची वाट बघतोय.' ती कौतुकाने वाचायला बसली आणि तिसाव्या पानाला तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कादंबरीत अंथरुणाला खिळलेली आई होती आणि तिचं सगळं करणारा मुलगा होता. केस तो धुवायचा, गुडघा तो दुमडायचा. पुस्तकं तो वाचायचा आणि आई टकटक करून गुण कापायची. एक बहीणही होती. ती दूर देशी राहायची, पुष्पगुच्छ पाठवायची, आणि दर रविवारी सकाळी फोन करून विचारायची, "कशी आहे रे आई?"

आयत्या बिळात नागोबा शिरतो हे तिने ऐकलं होतं. पण शिरल्यावर बीळ खोदणाऱ्यालाच पाहुणा म्हणतो, हे नवीन होतं. त्याने तिची सहा वर्षं उचलून स्वतःच्या नावावर केली होती आणि स्वतःचे रविवार तिच्या माथी मारले होते.

तिने पुस्तक आपल्या खोलीत गाद्यांखाली दडपलं आणि वाचनालयात ताकास तूर लागू दिली नाही. पण वर्षभरात त्यावर मालिका निघाली आणि गावभर तेच. त्यातली बहीण काळा गॉगल घालून यायची आणि आईच्या खोलीत शिरताना नाकाला रुमाल लावायची. वाचक येऊन कात्रीलाच सांगत, "काय हो ती बया, जन्मदात्या आईची शिसारी!" लेखक हिचा भाऊ आहे हे एव्हाना कळलं होतंच, आणि परदेशातली ती बया म्हणजे यांची आणखी कुणी बहीण असं लोकांनी धरलं होतं, म्हणून वर आणखी पुस्ती: "तुमच्या भावाने किती केलं हो आईचं. पुण्यवान." ती रजिस्टरवर तारीख टाकायची आणि म्हणायची, "पुढचं पुस्तक कुठलं देऊ?"

तेही तिने गिळलं असतं. पण एक दंतवैद्य बाई होत्या, नुकत्याच सभासद झालेल्या. त्या मागची चिठ्ठी बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या, "ही कल्पना तुम्ही त्या कादंबरीतून उचललीत ना? छान केलंत. चांगली गोष्ट दिसली की घ्यावी माणसाने."

कात्रीने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वाचनालय तासभर आधी बंद केलं.

मागच्या खोलीत बसून तिने चिठ्ठी घेतली आणि दहाच्या खाली आठ ओळी लिहिल्या. चोर, वजा एक. ढोंगी, वजा एक. आईचं भांडवल केलं, वजा तीन. अशी मजल दरमजल करत शून्यावर आली. ते शून्य तिने इतकं गिरवलं की कागद फाटला. वाचनालयात मागण्यांची रांग लागली होती, तीस जणांनी कादंबरीसाठी नाव लिहिलं होतं. हे शून्य कव्हरावर बसलं असतं तर तिसांतले पंचवीस तरी परत फिरले असते. तिच्या शब्दाला तेवढी किंमत होती.

पण एकाही ओळीपुढे पानाचा आकडा नव्हता. आणि सगळ्या ओळींचं म्हणणं एकच होतं, की प्रत्यक्षात असं घडलं नव्हतं. इंजिन ड्रायव्हर काय वेगळं म्हणत होता? शून्य लावलं तर भाऊ बुडेल, पण कव्हरांवरच्या बाकी चार हजार चिठ्ठ्याही त्याच दिवशी बुडतील. मग नऊ वर्षांचं तिचं म्हणून काय उरलं? सहा वर्षं त्याने नेलीच होती. ही नऊ ती आपल्या हाताने देणार नव्हती. तिने चिठ्ठीचे बारीक तुकडे केले.

डूख मात्र सोडला नाही. नियमाने तर नियमाने. ती पेन्सिल घेऊन बसली आणि कादंबरी पुन्हा वाचायला लागली, सासू सुनेने निवडलेले तांदूळ बघते तशा नजरेने. एकोणिसाव्या पानावर सूर्यास्त सापडला, अर्धा गेला. एकेचाळिसाव्या पानावर दुसरा योगायोग, एक गेला. पुढे काही सापडेना. दुसऱ्यांदा वाचली, तिसऱ्यांदा वाचली. पुस्तक चांगलं होतं, हीच तर मेख होती. आणि चांगलं जिथे जिथे होतं तिथे तिथे हिचंच वाक्य होतं, फोनवर सांगितलेलं, जसंच्या तसं. 'आजारी माणसाची मान धरायची, पण धरलीय असं त्याला वाटू द्यायचं नाही.' हे ती बोलली होती. कापायची तर स्वतःचीच जीभ कापायची. तिला इतका संताप आला की तिने पुस्तक भिंतीवर फेकलं, मग उठून उचललं आणि पानं सरळ केली.

चौथ्या वाचनात, दोनशे बाराव्या पानावर, ती थांबली.

त्या पानावर आई मरते. मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून, त्याचा हात हातात घेऊन म्हणते, "बाळा, तू होतास म्हणून मी होते. आता तू जग." वाचून लोक ढसाढसा रडत. मालिकेत तर या ठिकाणी चार मिनिटं नुसती सनई का सारंगी असं काहीतरी वाजत राहायचं. कात्री मागे गेली. अठ्ठ्याऐंशीवं पान. तिथे डॉक्टर स्पष्ट म्हणतात, वाचा गेली, परत येणार नाही. आणि मग सव्वाशे पानं ती बाई एक अक्षर बोलत नाही, टकटक करते. मग दोनशे बाराव्या पानावर भाषण कुठून आलं?

कुठून आलं ते तिला पक्कं ठाऊक होतं. आई गेली ती दुपार तिने भावाला कधी सांगितली नव्हती. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि त्यानंतर रविवारचे फोनही आटोपले. त्याच्या वहीत तेवढं एकच पान कोरं होतं, म्हणून त्याने ते मनाने भरलं. बाकी कुठेही त्याचा पाय घसरला नाही, कारण बाकी सगळीकडे तो हिच्या पावलांवर पाऊल ठेवून चालला होता.

कात्रीने चिठ्ठीवर लिहिलं: पान २१२, वजा दोन. मग वाचनालयाच्या अध्यक्षांना, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तरांना, जाऊन भेटली आणि म्हणाली, "माझ्या भावाला बोलावू या का? वाचकांची भेट होईल." पोस्टमास्तर हरखले. उट्टं काढायचं तर आपल्या दारात बोलावून काढावं, चार माणसं साक्षीला असतात.

तो आला. केस पांढरे झाले होते, शोभत होते. साठ खुर्च्या भरून माणसं जिन्यात उभी होती. कात्री सर्वांत मागे, कपाटाला टेकून. भाऊ छान बोलला. पोस्टमास्तरांनी विचारलं, "इतकं बारीकसारीक तुमच्या लक्षात कसं राहिलं?" तो क्षणभर खाली बघून म्हणाला, "जे हाताने केलेलं असतं, ते माणूस विसरत नाही." दंतवैद्य बाईंनी डोळे पुसले. कात्रीने कपाटाची कडा घट्ट धरली.

मग कुणीतरी म्हणालंच, "अहो, पण बाईंचे गुण किती ते राहिलं!" हशा झाला. भाऊही हसला. "मीही त्याचसाठी आलोय," तो म्हणाला. "ताई, होऊन जाऊ दे."

ती पुढे आली, चष्मा लावला आणि नेहमीच्या आवाजात वाचलं. "दहापैकी. पान एकोणीस, सूर्यास्त, अर्धा. पान एकेचाळीस, दुसरा योगायोग, एक." लोक खूश. "पान दोनशे बारा. दोन."

"अरे बापरे, तिथे?" पोस्टमास्तर म्हणाले. "तिथे तर मी रडलो हो."

"रडा की. रडायला माझी ना नाही. पण अठ्ठ्याऐंशी पानावर या आईची वाचा जाते आणि पुढे ती एक शब्द बोलत नाही. इथे मरताना भाषण करते. आता बघा, या लेखकाची बाकी नजर किती पक्की आहे. बादली कुठल्या बाजूला ठेवायची इथपर्यंत चुकत नाही. असा माणूस एवढ्या मोठ्या जागी कसा चुकला? मी चार वेळा वाचलं. मला एकच कारण दिसतं." तिने चष्मा काढला. "बाकी सगळ्या पानांवर लिहिणाऱ्याला कुणीतरी आत काय चाललंय ते सांगत होतं. या पानावर सांगणारं कुणी नव्हतं. आणि हा स्वतः त्या खोलीत नव्हता. राहिले साडेसहा."

आधी कुणाला काही कळलं नाही. मग दंतवैद्य बाईंनी लेखकाकडे बघितलं, नंतर कात्रीकडे, मग तिच्या हातातल्या चिठ्ठीकडे, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. इंजिन ड्रायव्हर मोठ्याने म्हणाला, "म्हणजे मग खोलीत कोण होतं?" भाऊ पाण्याचा पेला उचलायला गेला आणि त्याने तो पुन्हा तसाच खाली ठेवला. टाळ्या वाजल्या, पण पाऊस येता येता राहावा तशा.

माणसं पांगल्यावर तो मागच्या खोलीत आला. कात्री चिठ्ठीला डिंक लावत होती. तिला वाटलं होतं तो भांडेल, आणि ती तयारीत होती. तो दारातच उभा राहिला.

"मला मान्य आहे," तो म्हणाला. "मी चोरलं. तुला विचारायला तोंड नव्हतं म्हणून विचारलं नाही. ते सगळ्यांना सांग, पेपरात दे, मी नाही म्हणणार नाही. पण ताई, एक सांग. त्या पानासाठी मी खरंच वर्षभर अडलो होतो. मला माहीतच नाही आई कशी गेली. तिने माझी आठवण काढली का ग?"

आता खरं काय झालं होतं ते सांगायला हवं. आई गेली त्या वर्षी कात्रीने केस अगदी कापून टाकले होते, विंचरायला सवड नव्हती म्हणून. आईची नजर अधू झाली होती. दुपारी अडीचच्या सुमाराला आईने डोळे उघडले, हिच्याकडे बघितलं आणि डावा हात कसाबसा उचलून हिच्या कानाची पाळी चिमटीत धरली. ती फक्त धाकट्याचा कान असा धरायची, तो रांगायचा तेव्हापासून. मुलीचा कधी धरला नव्हता. सहा वर्षं जिने मलमूत्र काढलं तिच्या तोंडाकडे बघत आईला मुलगा दिसला, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख पसरलं की कात्रीच्याने 'मी आहे ग, मी' असं म्हणवलं नाही. ती कान तसाच धरू देऊन बसली. त्या चिमटीतच आई गेली. म्हणजे आईच्या लेखी तो खोलीत होता. दोनशे बारावं पान, भाषण सोडलं तर, खरं होतं.

ही गोष्ट आज नऊ वर्षं तिच्या पोटात होती. आई गेल्याचं दुःख कधीच निवलं होतं. हे मात्र निवलं नव्हतं.

भाऊ वाट बघत होता. लहानपणी काही फोडल्यावर उभा राहायचा, तसाच उभा होता. एक वाक्य सांगितलं असतं तर तो तिथेच तिच्या पायाशी बसला असता, आणि उरलेला जन्म त्याला झोप लागली असती.

"नाही," कात्री म्हणाली.

"एकदाही नाही?"

"दाराकडे बघितलंसुद्धा नाही. मी होते, तिला तेवढं पुरे होतं."

तो जायला वळला. आणखी काही विचारलं नाही, खरं का म्हणूनही विचारलं नाही. पुराव्याशिवाय ही बाई कुणाचं काही कापत नाही हे त्याला नुकतंच साठ माणसांच्या देखत कळलं होतं.